आवाज आला की हात वर कर

१

चिन्मयीच्या दिवसाला दोन तपासण्या ठरलेल्या होत्या. एक घरी, एक दुकानात.

घरची अशी. जबलपूरच्या मदन महल भागातल्या त्या दोन खोल्यांत चहाचं आधण चढलं की ती आईच्या पलंगाशी जाऊन बसायची अन् विचारायची, "आई, मी कोण?"

"चिनू. अजून कोण?" विनताबाई उशीखाली चष्मा चाचपत म्हणायच्या. "रोज काय विचारून राहिली गं? तुलाच विसर पडून राहिला काय?"

एवढं ऐकलं की चिन्मयीचा जीव भांड्यात पडायचा. विनताबाईंच्या हातून बाकी पुष्कळ निसटलं होतं. नवऱ्याची कारखान्यातली नोकरी, त्याचं जाणं, स्वतःचं वय, सगळं. धाकटा वेदांग नागपूरहून आला तर त्याला त्या म्हणायच्या, "भैया, जरा बाजूला सरका, उजेड अडते." मागच्या दिवाळीत त्याने ते हसण्यावारी नेलं, पण जाताना जिन्यात थांबला अन् म्हणाला, "ताई, तुला ओळखते तोवर आई इथं. ज्या दिवशी तुलाही 'तुम्ही कोण' म्हणेल, त्या दिवशी मी नागपूरला घेऊन जाईन. तिथं दिवसभर माणूस ठेवता येते. तू एकटी काय काय करशील?"

"मला नाही विसरणार ती," चिन्मयी म्हणाली होती. जशी काही ती किल्ली तिच्याच कमरेला होती.

आईला एकटं सोडता येईना म्हणून तिने शाळेतली कारकुनी सोडली अन् जबलपुरातल्याच गोरखपूर बाजारात नीलकंठकाकांच्या साउंडच्या दुकानात शिकायला लागली. तिथं आईला खुर्ची मिळाली, हे मोठं. हिवाळाभर विनताबाई दाराशी उन्हात बसून मटार सोलायच्या. एवढे मटार कोण खाणार? पण हात चालत राहिले की त्या शांत असायच्या. अन् आत चिन्मयी. लग्नाला, सभेला, भागवताला गेलेले माइक-स्पीकर परत येताना काही ना काही मोडूनच यायचे. दोन वर्षांत ती तुटल्या वायरीला डाख द्यायला शिकली, स्पीकरचा फाटका पडदा बदलायला शिकली, कोणता खरखराट धुळीचा अन् कोणता ढिल्या जोडाचा हे ओळखायला शिकली. काकांचे कान आताशा उतरले होते. हात अजून पक्के होते, पण ऐकायचं काम चिन्मयीचं.

दुकानातली तपासणी टाळीची. काकांजवळ बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या होत्या. माइकसमोर त्या फाडकन मिटायच्या अन् स्पीकरच्या बॉक्समधून आवाज कसा येतो ते ऐकायचं.

"हे बघ पोरी," काकांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, "आवाज पायी चालते. वायरीतला करंट मोटारीनं जाते. मोठ्या गर्दीत मागं बॉक्स लावला की तो आधी बोलून मोकळा होते अन् स्टेजवरचा आवाज मागून धापा टाकत येते. लोकांना एकच शब्द दोनदा ऐकू येते. म्हणून मागच्याला थांबवून धरायचं, पुढचा पोचेपर्यंत. ही डिले मशीन त्याच्यासाठी."

अन् कोपऱ्यातल्या उंच लाकडी बॉक्सकडे, हिरव्या कापडाच्या जाळीच्या, बोट दाखवून म्हणाले होते, "तो मागं लावायचा नाही. कधीच. पुढं लाव, स्टेजला चिकटून. तिथं चालते तो."

"काहून?"

"नाही म्हटलं ना."

२

नर्मदा जयंतीचं ग्वारीघाटावरचं काम या वर्षी चिन्मयीने एकटीने करायचं ठरलं. काकांचे गुडघे पायऱ्यांना राजी नव्हते. दिवसभर भजनं, दुपारी नदीला चुनरी पांघरणं, संध्याकाळी आरती. अन् नेमकं दोन दिवस आधी मागचा नेहमीचा बॉक्स जळाला. त्या दिवसांत जबलपुरात बॉक्स मागायचा कोणाकडे? साऱ्यांचेच घाटांवर गेलेले.

उरला तो हिरवा.

तिने मागची फळी खोलली. आत कोळ्याची जाळी, एक मेलेलं झुरळ, अन् लाकडावर खडूचे आकडे, काकांच्या अक्षरात. चार. नऊ. वीस. पन्नास. प्रत्येकाच्या आधी लहानशी आडवी रेघ, वजाबाकीच्या खुणेसारखी. सगळ्यात खाली आकडाच नव्हता. नुसती रेघ.

असेल काही हिशेब, म्हणून तिने पुसून टाकलं. कॉइल ठीक होती, एक जोड सुटला होता. डाख दिला, बॉक्स टेबलावर शेजारीच ठेवला, माइक जोडला, फळ्या उघडल्या अन् मिटल्या.

काहीतरी चुकलं. काय, ते लगेच कळेना. जिना उतरताना पाय जिथं पायरी समजतो तिथं ती नसावी, तसं झालं.

तिने पुन्हा केलं. अन् मग सावकाश. फळ्या जवळ येत होत्या, अजून भिडल्या नव्हत्या, अन् बॉक्स बोलला. फाड. मग फळ्या भिडल्या.

"हॅ," चिन्मयी स्वतःशीच म्हणाली. समोरच्या भिंतीचा आवाज असेल. कान थकले असतील. तिने फोन पुस्तकांना टेकवून उभा केला, व्हिडिओ घेतला अन् हळूहळू सरकवून पाहिला. फळ्यांमध्ये चार बोटांचं अंतर स्पष्ट दिसत होतं अन् आवाज होऊन गेला होता. स्वस्तातला फोन, तिने ठरवलं. चित्र अन् आवाज पुढेमागे होतात त्यात. वायर बदलली. माइक बदलला. वायर खुपसायची भोकं उलटसुलट करून पाहिली. चार बोटं ती चार बोटंच.

मग तिने तेच केलं जे कोणताही मिस्त्री करेल. डिले मशीनवर आकडा वाढवत नेला. बॉक्स आधी बोलते ना? मग त्याला तेवढंच थांबवा. होता होता फळ्या अन् आवाज एकावर एक बसले, पातेल्यावर झाकण बसावं तसे. चूक सापडली नाही, पण मेळ बसला. अन् कामाला मेळ लागतो.

काका आले तेव्हा तिने सांगून टाकलं. त्यांनी त्या पुसलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

"तुझी काकू होती तेव्हा एकदा मी तो मागं लावला होता," ते म्हणाले. "ऐकलं त्यातलं. धावत घरी गेलो. धावून काय झालं?"

"काय ऐकलं, काका?"

"माझे कान गेले ते बरंच झालं," काका म्हणाले अन् दाराशी जाऊन विनताबाईंच्या टोपलीतले मटार सोलू लागले.

चिन्मयीने फळीचे स्क्रू आवळले. मागच्या पायऱ्यांवर हजारभर माणूस बसतं, अन् पुढच्या जोडीतला जड बॉक्स तिथवर चढवणं शक्य नव्हतं. त्यांना आवाज पोचला नाही तर पुढच्या वर्षी तिला कोण बोलावणार? अन् हे काम गेलं तर आईला घेऊन बसायला दुसरं दुकान कुठलं?

३

घाटावर सकाळी धुकं होतं. वेदांग आदल्या दिवशीच आला होता. मदतीला आलो म्हणाला, पण त्याची नजर आईवर होती. ताईला दोन्ही झेपते की नाही ते तो पाहून राहिला होता, हे तिला कळत होतं.

आईला तिने साउंड मिक्सरच्या टेबलामागे, मंडपाच्या सावलीत बसवलं. मांडीवर टोपली, पायाशी शेंगांचा ढीग.

"हा भैया चांगला आहे," विनताबाई वेदांगकडे पाहून म्हणाल्या. "सकाळपासून पाणी विचारून राहिला. कोणाचा आहे?"

"तुझाच आहे, आई."

"चल, काहीतरीच तुझं, चिनू!"

चिनू म्हटलं. चिन्मयीने वेदांगकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

स्टेज खाली पाण्याशी होतं. हिरवा बॉक्स वर, पायऱ्या संपतात तिथं, पानांचे दोने अन् झेंडू विकणाऱ्या बायांच्या शेजारी. मशीनवर दुकानातलाच आकडा होता. वेदांगला तिने वर पाठवलं.

"मी इथून टाळी वाजवीन. बॉक्समधून आवाज आला की हात वर कर. बस, एवढंच."

"एवढं तर मला जमेल, ताई."

तो वर जाऊन उभा राहिला. करंगळीएवढा दिसत होता. चिन्मयीने माइकसमोर फळ्या उघडल्या, वर पाहिलं.

वेदांगचा हात वर गेला.

तिने अजून टाळी वाजवली नव्हती.

"अरे, आवाज आल्यावर!" ती माइकमधून ओरडली. "आधी नाही!"

त्याने दोन्ही हात पसरले, आलाच की, म्हणून. तिने पुन्हा फळ्या उघडल्या. या वेळी मनात ठरवलं, वाजवायचीच नाही. नुसत्या धरून ठेवायच्या. हात वर गेला नाही. ती थांबली. नाही गेला. मग तिने ठरवलं की आता वाजवू, अन् तिच्या दंडाला ते कळायच्या आत वर त्या धुक्यात वेदांगचा हात उभा झाला.

तिने फळ्या मिटून टेबलावर ठेवल्या. चार बोटांचं अंतर दोन दिवसांत एवढं झालं तर. तिने मशीनचा आकडा वाढवत नेला. दीड सेकंदावर मेळ बसला. मशीन आवाजाला जास्तीत जास्त दोन सेकंद थांबवायचं. म्हणजे अर्धा सेकंद हातात होता.

"पुरेल," ती म्हणाली. कोणाला म्हणाली, देव जाणे.

४

अकरापर्यंत पुरलं.

मग सगळ्यांत आधी कळलं ते गाणाऱ्या बुवांना. ते भजनाची ओळ उचलायचे अन् वरच्या पायऱ्यांवरच्या बाया ती ओळ आधीच म्हणत असायच्या. त्या आपल्या बॉक्सचं ऐकत होत्या, त्यांचा काय दोष? त्यांच्या टाळ्याही बुवांच्या आधी पडायच्या. बुवांनी गाणं थांबवून टेबलाकडे पाहिलं, "मैडम, ऊपर कोई दूसरे बुवा बिठा रखे हैं क्या?" लोक हसले. चिन्मयीही हसली अन् मशीनचा आकडा शेवटच्या घरापर्यंत नेला. दोन सेकंद. त्यापुढे जागा नव्हती. बारा वाजता बाया एक ओळ पुढे होत्या. दोन वाजता एक कडवं.

चुनरीच्या वेळी भजनं थांबली. होड्यांवरून ती लांबच लांब लाल चुनरी पाण्यावर निघाली अन् सारी गर्दी नदीकडे वळली. स्टेज रिकामं झालं. चिन्मयीने एकेक माइक बंद केला, मोजला, आपल्या टेबलावर आणून ठेवला. वेदांगला आईजवळ बसवलं अन् ती वर चढली. त्या बॉक्सची वायर उपसून टाकायची, असं ठरवूनच.

वर पोचली, खाली वाकली, वायरीवर हात ठेवला. जाळीच्या आत खसखस झाली. सवय नसलेल्या हातात माइक दिला की होते तशी.

मग आवाज आला.

"ऐका हो."

तिने झटकन खाली पाहिलं. आई खुर्चीत होती. मांडीवर टोपली, मान खाली, ओठ मिटलेले. वेदांग तिच्या शेंगा उचलून देत होता. माइक टेबलावर रांगेने पडले होते.

"ऐका हो. माझी मुलगी हरवली आहे."

आवाज आईचाच, पण आजचा चाचपडणारा नाही. हळदीकुंकवाला बायांना हाका मारायची तेव्हाचा, खणखणीत.

"चिन्मयी नाव. दहा वर्षांची आहे. दोन वेण्या. अन्... अन्..."

आवाज अडकला. मग माइकच्या अगदी जवळून दुसऱ्याच कोण्या बाईने हळूच म्हटलं, "निळा स्वेटर."

"हो, निळा स्वेटर. मीच विणला. दिसली तर तिला सांगा, आई इथंच बसली आहे. कुठं गेली नाही."

मग नुसती सळसळ. शेजारची झेंडूवाली बोटाने पाकळ्या खुडत म्हणाली, "किसकी बच्ची गुमी है, दीदी?"

चिन्मयीच्या हातात वायर होती. उपसली नाही. ती दुसरी बाई कोण, हे तिला कळेना. आवाज कुठंतरी ऐकलेला, पण कोणाचा ते सापडेना. अन् एक मात्र तिला लख्ख दिसत होतं. हे अजून झालेलं नाही. व्हायला आईच्या हातात माइक लागतो. माइक तर सगळे माझ्या टेबलावर आहेत.

ती दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आली. "वेदांग, वर जा. त्या बॉक्सपाशी उभा राहा, हलू नको. त्यातून काहीही आवाज आला की हात वर कर."

"काय झालं, ताई?"

"जा म्हटलं ना."

माइक तिने पेटीत टाकले अन् पेटीला कुलूप लावलं. एक ठेवला, आरतीचा, तो मांडीवर घेऊन बसली. अन् आईच्या पदराचं टोक घेऊन आपल्या ओढणीला गाठ मारली. घट्ट, दुहेरी.

वर वेदांग उभा होता. हात खाली.

५

ऊन कलायला लागलं होतं. नावा परतत होत्या. चिन्मयी आईला बोलतं ठेवून राहिली होती.

"आई, आज भाजी कशाची करू?"

"मटाराची. अजून कशाची?"

"अन् गोड?"

विनताबाईंच्या हातातली शेंग अर्धी उघडलेली राहिली. त्यांनी आधी नदीकडे पाहिलं, मग गर्दीकडे, मग चिन्मयीकडे. दुकानात नवं गिऱ्हाईक आल्यावर पाहावं तसं, अदबीने.

"बाई," त्या म्हणाल्या, "ते बोलायचं तुमचंच आहे काय? जरा देता? माझी मुलगी दिसून नाही राहिली."

चिन्मयीने मांडीवरचा माइक घट्ट धरला. "आई, मी आहे ना. मी चिनू."

"हो का?" विनताबाई हसल्या. "नाव तर तेच आहे तुमचं. माझी लहान आहे हो. एव्हाना शाळा सुटली असेल." त्या उठायला गेल्या. पदर ताणला गेला. त्यांनी वळून गाठ पाहिली, हाताने चाचपली, अन् त्यांचा चेहरा आतून विझल्यासारखा झाला. "मला काहून बांधलं? मी काय केलं, बाई? मला जाऊ द्या. माझी पोर एकटी आहे."

माइक मांडीवर होता. तो दिला नाही तर जे ऐकलं ते खोटं पडणार होतं. किती सोपं होतं. हात आवळून बसायचं, एवढंच. पण विनताबाई लहान मुलासारख्या गाठीशी झगडत होत्या अन् दुहेरी गाठ त्यांच्या बोटांना सुटत नव्हती.

चिन्मयीने गाठ सोडली. माइक चालू करून आईच्या हातात दिला अन् मिक्सरवरची आवाजाची पट्टी वर सरकवली.

खसखस झाली.

"ऐका हो," विनताबाई म्हणाल्या. स्टेजच्या दोन्ही बाजूंनी तो आवाज घाटभर गेला, खणखणीत. लोक वळले. "ऐका हो. माझी मुलगी हरवली आहे. चिन्मयी नाव. दहा वर्षांची आहे. दोन वेण्या. अन्... अन्..."

त्या अडकल्या. डोळे इकडेतिकडे शोधू लागले. शब्द सापडत नाही म्हणून नव्हे, पोरच सापडत नाही म्हणून. चिन्मयीला राहवलं नाही. ती पुढे वाकली अन् हळूच म्हणाली, "निळा स्वेटर."

अन् स्वतःचाच आवाज स्पीकरमधून परत येताना ऐकून तिला ती दुसरी बाई ओळखू आली.

"हो, निळा स्वेटर. मीच विणला," विनताबाई सांगत होत्या. "दिसली तर तिला सांगा, आई इथंच बसली आहे. कुठं गेली नाही."

वर वेदांगने सगळं ऐकलं होतं, पुढच्या बॉक्समधून, एवढ्या लांबूनही. तो खाली यायला निघाला होता. पहिली पायरी त्याने उतरलीही. तो आता काय म्हणणार ते चिन्मयीला ठाऊक होतं. नागपूर.

तिने आईच्या हातावर हात ठेवून माइक आपल्याकडे वळवला. "वेदांग, तिथंच थांब. मागं हो. बॉक्सपाशी." तो थांबला. "आता ऐक. आवाज आला की हात वर कर."

तिने श्वास घेतला.

"चिन्मयी सापडली आहे. मंडपापाशी उभी आहे. आईजवळ आहे."

पुढचे बॉक्स दणाणले. नदीवरच्या नावाड्यांनी माना वळवल्या. मिक्सरवर मागच्या बॉक्सचा दिवा नीट लुकलुकत होता. वायर शाबूत होती.

वेदांगने जाळीला कान लावला. मग मान हलवली. काहीच नाही.

तिने पुन्हा सांगितलं. दिवा लुकलुकला. वर हात उठला नाही.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. तो बॉक्स आताचं कधी बोलतच नव्हता. तो पुढचं बोलायचा. किती पुढचं, ते कुठल्या मशीनने मोजायचं? काकांनी खडूने ओढलेली ती शेवटची रेघ तिला आठवली. आकडा नसलेली. पुढचं जे काही होतं, त्यात आईचा आवाज नव्हता, तिचाही नव्हता. नुसती सळसळ.

"कोण सापडलं हो?" विनताबाईंनी विचारलं.

चिन्मयीने खुर्ची आईच्या खुर्चीला चिकटवून घेतली. पुढे आवाज नाही, तर पुढे आवाज करावा लागेल. आरतीपर्यंत. आरतीनंतर. उद्या सकाळी चहाच्या वेळेला. कधीतरी त्या लाकडी बॉक्सला तो पुढचा आवाज पकडावाच लागेल, अन् कधीतरी त्या वरच्या पायरीवर हात उठेल. थकायचं कोणी आधी, एवढाच प्रश्न होता, अन् ती थकणार नव्हती.

"सांगते," ती म्हणाली. माइक तोंडाशी धरला, नजर वेदांगच्या हातावर ठेवली, अन् पहिल्यापासून सुरुवात केली.

"ऐका हो. चिन्मयी सापडली आहे."